खवागल्लीचा ओटीपी

जुलै लागला आणि आला मेला मेसेज. ‘अभिनंदन! आपला कर परतावा मंजुर झाला आहे. रक्कम मिळवण्यासाठी खालील फाइल उघडा.’ वर सिंहांचा शिक्का, खाली निळी रेघ, आणि ‘मंजूर’चा उकार ऱ्हस्व. बरं, पाठवला कुणाला, तर मला! भूमला एसटी स्टँडच्या मागं माझं कर सल्लागाराचं ऑफिस आहे. लोकांची रिटर्नं भरता भरता चष्म्याचा नंबर वाढला, केस पिकले, आणि हे मलाच सांगणार की बाई, तुझा परतावा आलाय, ये, फाइल उघड. ‘लाज वाटत नाही का रे मेल्यांनो?’ असं मी फोनलाच म्हणाले. समोर बसलेले किराणा दुकानदार दचकले. त्यांना वाटलं, मी त्यांनाच बोलले. तसं त्यांनाही बोलायचंच होतं, कारण त्यांनी बँकेचा पासवर्ड दुकानातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांशेजारी लिहून ठेवलाय.

लोकांचे हंगाम दोन, खरीप आणि रब्बी. माझा तिसरा, रिटर्नांचा. आमच्या भूमकडं पावसाळा म्हणजे बराचसा वाराच. ढग येतात, माळावर घटकाभर सावली धरतात आणि पुढं बीडकडं निघून जातात. गिऱ्हाईक मात्र न चुकता येतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत वर्षभराची बिलं कोंबलेली असतात, ती पिशवी माझ्या टेबलावर उपडी होते. पिशवीच्या वासावरून मला धंदा कळतो. पेंडीचा वास आला की पशुखाद्यवाले, ऑइलचा आला की गॅरेजवाले, हळद-मिरचीचा आला की कांडपवाल्या बाई. वास कुठलाही असो, बोलणं एकच. ‘ताई, पासवर्ड तुमालाच म्हाईत. आमाला काय कळतंय त्यातलं?’

अहो, कडब्याच्या गंजीला शेळी लागू नये म्हणून बोराटीचे काटे लावणारी माणसं ही! रानातल्या मोटारीला पेटी, पेटीला कुलूप, कुलपावर पुन्हा पत्र्याचं झाकण. आणि सगळा धंदा ज्याच्या आड आहे, तो पासवर्ड काय ठेवतात? तर कुलदैवताचं नाव, पुढं एक-दोन-तीन. मी म्हणते, अहो, हे कुणीही ओळखेल. तर म्हणतात, ‘देवाचं नाव घेतल्यावर वाईट कोन करंल?’ हात टेकले बाई.

संध्याकाळी ऑफिसचं शटर ओढताना वारा फिरला आणि गावाच्या कडेच्या भट्ट्यांचा वास आला. बाभळीचा धूर, त्यात आटत्या दुधाचा गोडसर, थोडा करपट वास. श्रावण जवळ आला की भट्ट्या जोरात चालतात. राखीपौर्णिमा, मग गणपती, मग गौरी, सगळ्यांना पेढे लागतात आणि पेढ्यांना आमचा खवा. हा वास आला की मला तो दोन वर्षांमागचा हंगाम आठवतो. आठवतो म्हणजे काय, डोकंच फिरतं.

त्या भट्ट्यांच्या ओळीला सगळे खवागल्ली म्हणतात. शेवंताकाकूंची भट्टी तिथं मधोमध आहे. काकू साठीच्या आतबाहेर, अंगानं बारीक, आवाज मात्र घागरीत बोलल्यासारखा. पहाटे दूध आलं की कढईसमोर उभ्या राहतात त्या दुपारपर्यंत. दूध आधी खळखळतं, मग पुटपुटतं, मग कढईला धरायला लागतं. तेव्हा लांब दांड्याचं उलथनं एक क्षणही थांबवून चालत नाही. काकूंच्या हातावर कोपरापर्यंत भाजल्याचे जुने डाग आहेत. काका म्हणजे त्यांचे यजमान, स्वभावानं गरीब. ते लाकडं फोडतात, डबे धुतात आणि एसटीत चढवून बार्शीला, पुण्याला रवाना करतात. बोलायचं काम काकूंचं.

शेत काकांच्या नावावर, घर सासऱ्यांच्या नावावरून उतरून दिरांच्या आणि काकांच्या सामाईक नावावर, गॅसचं पुस्तक थोरल्या मुलाच्या नावावर, तो पुण्याला. जीएसटीची नोंदणी करायची वेळ आली तेव्हा काका म्हणाले, ‘भट्टी तूच चालवतीस, तुझंच नाव घाल.’ आणि सरकारी कागदावर मोठ्या अक्षरांत शेवंता हे नाव पहिल्यांदा आलं. तो दाखला दुकानात लावायचा असतोच, नियमच आहे. लोक खिळ्याला अडकवतात. काकूंनी काचेच्या चौकटीत बसवून आणला आणि देवांच्या फोटोच्या ओळीत लावला. बालाजी, मग गजानन, मग तो दाखला. रोज सकाळी उदबत्ती फिरायची ती तिघांच्यापुढून. मी एकदा हसले तर म्हणाल्या, ‘हसू नगा. माझं नाव कुठं होतं आजवर?’

आता बापूंविषयी. बापूंची गल्लीच्या तोंडाशी चहाची टपरी. नोंदण्या झाल्या त्या काळात मी या गल्लीचं काम पाहत नव्हते. बार्शीचे एक सल्लागार बाजाराच्या दिवशी लॅपटॉप घेऊन यायचे आणि बापूंच्या बाकड्यावर बसून एकेकाचा फॉर्म भरायचे. मोबाइल नंबर विचारला की सगळे एकमेकांकडं बघायचे. कुणाचं सिम स्वस्ताच्या स्कीममध्ये दर सहा महिन्यांनी बदलायचं, कुणाचा फोन दुधाच्या कॅनमध्ये पडलेला, कुणाचा लेकीच्या शाळेच्या दप्तरात. नंबर न बदललेला माणूस गल्लीत एकच, बापू. टपरीच्या पाटीवर ऑइलपेंटनं रंगवलेला नंबर, पाटी गंजली पण आकडा तोच. मग काय! ‘बापूंचा घाला की. बापू आपलेच.’ एकानं घातला, त्याचं बघून दुसऱ्यानं, आणि गल्लीतल्या बहुतेक भट्ट्यांचा सरकारदरबारी नोंदवलेला मोबाइल झाला चहावाल्याचा.

म्हणजे व्हायचं असं. महिन्याचं रिटर्न मी ऑफिसात बसून भरायचे. शेवटी ओटीपी लागतो, तो जायचा बापूंच्या फोनवर. मी बापूंना फोन लावायचे. बापू चहाचं भांडं खाली ठेवायचे, चष्मा लावायचे आणि आधी गल्लीत तोंड करून ओरडायचे, ‘शेवंताकाकूऽ, तुमचा आलाऽ!’ कारण ज्याचा माल त्याला कळवायला नको का? तिकडून काकूंचा घागरीतला आवाज, ‘द्या सांगून त्यास्नी!’ मग बापू मला एकेक आकडा सांगायचे. बाजाराच्या दिवशी गलका असला की तोच आकडा दोनदा, ठणठणीत. एकदा मला एक आकडा नीट ऐकू आला नाही, तर बाकड्यावर बसलेल्या कुणा अनोळखी म्हाताऱ्यानं फोनजवळ तोंड नेऊन तो मला सांगितला. ‘सात हाय, ताई, सात!’

मी कपाळ बडवून घेतलं. गल्लीचं काम माझ्याकडं आल्यापासून दर जुलैला मी तिथं जाऊन घसा कोरडा करत होते. अहो, हा ओटीपी म्हणजे तुमची सही आहे, सही! तुम्ही तुमची सही रस्त्यावर ओरडून वाटता का? नंबर बदला, प्रत्येकानं स्वतःचा घाला, मी फुकट करून देते. सगळे मान डोलवायचे. बापू समोर चहा ओतत असायचे. बापू चार पावलं लांब गेले की कुणीतरी हळूच म्हणायचं, ‘ताई, तुमचं बराबर हाय. पर बापूला काय वाटंल?’

बापूला काय वाटंल! गेली कितीक वर्षं बिचारे आमच्यासाठी धावतात, एक पैसा घेत नाहीत, आणि आता एकदम नंबर काढून घ्यायचा म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं नाही का होणार? काकूंनी तर मला फैलावरच घेतलं. ‘बापू काय चोर हाईत व्हय? लेकीच्या लग्नात भट्टी बापूच्या जिवावर सोडून आमी गेलो हुतो.’ अहो काकू, बापू चोर नाहीत, पण चोर बापूंच्या फोनवर येतील. ‘येऊ द्या की. च्या पाजून पाठीवतील.’ सगळी गल्ली हसली. मीही हसले, काय करता! भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही.

आणि त्या वर्षी श्रावण लागतानाच तो आला. चोर नव्हे, मेसेज. हाच, असाच, सिंहांचा शिक्का आणि ऱ्हस्व उकार. बापूंच्या फोनवर दुपारी, ऐन चहाच्या वेळी. आता बापूंनी आयुष्यात कधी रिटर्न भरलेलं नाही. त्यांचा कसला परतावा? दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, आपला काय संबंध, आणि पुसून टाकला असता. पण बापूंच्या जबाबदारीवर अख्खी गल्ली. त्यांना वाटलं, आला असेल कुणाचा तरी, बघायला पाहिजे कुणाचा आहे ते. नाव वाचल्याशिवाय हाक कशी मारणार? म्हणून त्यांनी फाइल उघडली. ‘परवानगी द्या’ असं आलं, दिली. पुन्हा आलं, पुन्हा दिली. नाव काही दिसेना. मग त्यांनी फोन खिशात घातला आणि कपबशा विसळायला घेतल्या. लोभानं उघडलेली फाइल असती तर मी चार शब्द तरी सुनावले असते. या माणसानं ती कर्तव्य म्हणून उघडली!

त्या फाइलीतून एक ॲप फोनमध्ये शिरलं आणि फोनवर येणारा प्रत्येक मेसेज गुपचूप दुसरीकडं जायला लागला. बापूंना काही कळलं नाही. फोन जरा गरम व्हायचा, त्यांना वाटायचं चुलीजवळ ठेवतो म्हणून. कुणाच्या कागदांत शिरायचं हे त्या चोरांनी कसं ठरवलं देव जाणे, पण फोनमध्ये सगळ्यांत वरचा मेसेज काकूंच्या ओटीपीचा होता. नोंदणी क्रमांक तर काय, प्रत्येक बिलावर छापलेला. पासवर्ड विसरलो म्हणायचं, ओटीपी मागवायचा, की झालं. दार आतून उघडल्यासारखंच.

मला कळलं ते पुढच्या रिटर्नाच्या वेळी. काकूंचा पासवर्ड चालेना. मी तीनदा टाकला, चष्मा पुसून टाकला, कुलदैवताचं नाव नीट एकेक अक्षर करून टाकला. नाही म्हणजे नाही. कर कार्यालयात फोन, अर्ज, हेलपाटा, असं करत आत शिरायला मिळालं तेव्हा समोर बिलांची रांग. विक्री, विक्री, विक्री. कशाची? भंगार लोखंडाची! शेवंताकाकूंनी ट्रकच्या ट्रक भंगार परराज्यातल्या कुठल्याशा पार्टीला विकलेलं. मग इतका संताप आला की विचारू नका. काकूंच्या भट्टीत लोखंड म्हणजे एक कढई आणि एक उलथनं!

असली खोटी बिलं कुणीतरी दुसरा आपला कर वाचवायला वापरतो, आणि निस्तरायचं ज्याच्या नावानं बिल फाटलं त्यानं. काकूंना नोटीस निघाली. नोंदणी निलंबित. चौकशी होईपर्यंत त्या नावानं एक पावती फाडता येणार नाही. मी भट्टीवर जाऊन सांगितलं. त्यांना निलंबित शब्द कळेना. मी म्हटलं, थांबवलंय. ‘काय थांबवलंय?’ नाव, काकू. तुमचं नाव थांबवलंय.

उलथनं थांबलं नाही. काकूंनी आधी ती कढई उतरवली, खवा परातीत काढला, वरून हात फिरवून गोळा केला. मग पदरानं हात पुसत म्हणाल्या, ‘म्हंजी माझं नाव खराब झालं का?’ नाही हो काकू, मी सगळं करते, तुम्ही काळजी करू नका. ‘त्ये नगा सांगू. खराब झालं का, एवढं सांगा.’ काकांनी बाहेर कुऱ्हाड ठेवली आणि ते आत येऊन नुसते उभे राहिले.

पुढच्या दोन दिवसांत बार्शीच्या आणि पुण्याच्या हलवायांचे फोन आले. माणसं वाईट नाहीत, बरीच वर्षं काकूंचाच खवा नेतात. पण ज्याची नोंदणी थांबली त्याच्याकडून माल घ्यायचा कसा, त्यांच्याही गळ्याशी येणार. तोंडावर गणपती. आणि दूध काय थांबणार आहे? म्हशींना नोटीस वाचता येत नाही. गवळी रोज पहाटे कॅन आणून ओतत होते. थोडं दूध काकूंनी डेअरीला घातलं, थोड्याचं तूप केलं, थोडा खवा गल्लीतच वाटला. मग सगळंच दूध डेअरीला जायला लागलं आणि भट्टी गार पडली. ऐन श्रावणात काकूंच्या छपरातून धूर निघत नाही, हे बघवत नव्हतं.

गल्ली गप्प बसली असं समजू नका. गल्लीच ती! शेजारचे भट्टीवाले, नावच घेते, महादेवअण्णा, संध्याकाळी माझ्या ऑफिसात आले. म्हणाले, ‘ताई, सोपं हाय. काकूचा खवा माज्या नावावर जाऊ द्या. बिल माजं, माल त्येंचा. कुनाला कळतंय?’ अहो अण्णा! दुसऱ्याच्या नावावर दुसऱ्याचा माल, अहो तेच तर त्या चोरांनी केलंय! अण्णा दुखावले. ‘त्येनी चोरी केली. आमी मदत करतो.’ फरक आहे हो, मला कळतो, पण कॉम्प्युटरला कळत नाही. मी अर्धा तास समजावलं. ते जाताना दारात म्हणाले, ‘तुमचा कायदा लई कोरडा हाय, ताई.’ कायदा माझा आहे का!

पण काकूंनीच नाही म्हटलं. माझ्या समजावण्यामुळं नव्हे. त्या म्हणाल्या, ‘माझा खवा माझ्या नावानं जाईल. न्हायतर न्हाय जाणार.’ अण्णांनी खूप विनवलं. काकूंनी त्यांना चहा पाजला आणि परत पाठवलं.

मग आम्ही धाराशिवला गेलो, सायबर पोलिसांकडं तक्रार द्यायला. मी, काकू आणि बापू. बापूंच्या फोनात ती फाइल मी शोधून काढली, तेव्हापासून दोन दिवसांत ते उतरून गेले होते. टपरी बंद. फोन त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधला होता, वर रबर लावलं होतं, आणि ती पिशवी मांडीवर धरून एसटीत खिडकीशी बसले होते. आत विंचू असल्यासारखी. वाटेत एकदाच बोलले. ‘ताई, म्या नाव शोधीत हुतो हो. कुनाचं हाय त्ये बघत हुतो.’ मी खिडकीबाहेर बघितलं. मला त्यांचा राग यायला हवा होता, येतच नव्हता, आणि त्याचाच राग येत होता.

तिथल्या अधिकारी बाई तरुण होत्या, शांतपणे सगळं लिहून घेत होत्या. ‘व्यवसाय यांचा, मग फोन यांचा कसा?’ मी सांगितलं. त्यांना वाटलं त्यांनी नीट ऐकलं नाही. मी पुन्हा सांगितलं. त्यांनी लेखणी ठेवली. ‘हे तुमचे कोण?’ असं काकूंना विचारलं.

‘भाऊ,’ काकू म्हणाल्या.

‘सख्खे?’

‘चहावाले.’

बाईंना हसू आलं, त्यांनी ते दाबलं. बापूंना मात्र आवरेना. ते तोंडाला उपरणं लावून बाहेर गेले आणि व्हरांड्यात भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. येताना काकूंनी त्यांच्यासाठी स्टँडवर केळी घेतली. बापूंनी खाल्ली नाहीत. मग काकूंनी त्यांना दरडावलं, ‘खावा गुमान. तुमी उपाशी ऱ्हायल्यानं माझं नाव परत येनार हाय का?’ तेव्हा एक खाल्लं.

आता बघा, आज कुणालाही फोन लावला की आधी एक बाई सांगते, सावध राहा, ओटीपी देऊ नका. बँकेत फलक, बाजारात फलक, शाळेतली पोरं प्रभातफेरी काढतात. सगळं चांगलंच आहे. पण ते फलक लिहिणाऱ्यांना वाटतं माणूस फसतो तो हावेपोटी नाहीतर अज्ञानापोटी. आमच्याकडं माणूस शेजारधर्मापोटी फसतो, त्याला काय फलक लावणार? ‘ओळखीच्या माणसावर विश्वास ठेवू नका’ असं लिहायचं? मी तर नाही लिहिणार. मग मी नेमकं काय सांगते दर जुलैला, घसा फोडून? मलाच कधी कधी कळेनासं होतं. नंबर स्वतःचा ठेवा, एवढं सांगते. विश्वास ठेवा, पण आकडा ठेवू नका. ते म्हणतात, विश्वास ठेवला तर आकडा काय वेगळा?

चौकशीला कर कार्यालयाचे निरीक्षक आले ते उन्हाचे, दुपारचे. आधी त्यांनी गल्लीत उभं राहून फोटो काढले. मग भट्टीत आले. चांगले मध्यमवयीन गृहस्थ, गाडीनं आले तरी घामाघूम. त्यांच्या हातात यादी. ‘भंगाराचा साठा कुठं ठेवता?’

काकूंनी गार पडलेल्या कढईकडं बोट दाखवलं. ‘ह्ये एवढंच लोखंड हाय माझ्याकडं. आन् त्ये बी मी इकनार न्हाय.’

निरीक्षकांनी कढईचा फोटो काढला. खरंच काढला. मग दाखल्याची चौकट पाहिली, बालाजी आणि गजाननाशेजारची. उदबत्तीची राख तिच्यापुढंही पडलेली. काकूंनी विचारलं, ‘सायेब, उतरवून ठिऊ का? थांबिवलाय म्हनं.’ ते म्हणाले, ‘राहू द्या आजी, राहू द्या.’ आणि चहा न घेता गेले. नियम आहे त्यांचा. बापूंनी टपरी त्या दिवशी मुद्दाम उघडली होती, भांडं चुलीवर चढवलं होतं. तेवढंच त्यांना वाईट वाटलं.

नाव परत आलं. पण कधी? गणपती बसले, गौरी जेवल्या, उठल्या. गावातल्या मंडळापुढचा मांडव निघाला, रस्त्यात खड्डे तेवढे राहिले. सगळ्या हंगामात काकूंचा एक किलो खवा बाहेरगावी गेला नाही. आणि मग एका रटाळ सकाळी, कुणालाही पेढ्यांची गरज नसताना, माझ्या पडद्यावर ‘निलंबन रद्द’ असं आलं. मी एवढी धावपळ केली, अर्ज केले, पुरावे जोडले, आणि शेवटी न्याय मिळाला तो सण झाल्यावर! मला आनंद झाला, पण असा चिडका आनंद आयुष्यात दुसरा झाला नाही. ऑफिसात कुणी नव्हतं म्हणून मी टेबलावर एक गुद्दा मारून घेतला.

नंबर बदलायचं ठरलं तेही बापूंमुळं. त्यांनीच गल्लीत सगळ्यांना गोळा केलं, पाटीवरचा आकडा पिवळ्या रंगानं पुसून टाकलेला, आणि हात जोडून म्हणाले, ‘माझा नंबर काढा. आजच काढा. ताई, तुमी बसा हितं.’ आता तरी लोकांनी पटापट पुढं यावं की नाही? नाही! महादेवअण्णा कळवळून विचारतात, ‘बापू, तुमी नाराज झालाव का आमच्यावर?’ मी लॅपटॉपचं झाकण आपटलं. मला त्या वेळी कायकाय बोलायचं होतं ते इथं लिहीत नाही. शेवटी काकूच पुढं झाल्या. लेकानं पाठवलेला फोन पिशवीतून काढला, माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाल्या, ‘माझा घाला.’ मग हळूहळू बाकीचे आले. मी प्रत्येकाला बजावलं, ओटीपी कुणाला म्हणजे कुणालाही सांगायचा नाही. आपला माणूस असला तरी नाही. सगळ्यांनी नेहमीसारख्या माना डोलावल्या.

त्यानंतरचं पहिलं रिटर्न. शेवटची तारीख, भर दुपार, टेबलावर पिशव्यांचा ढीग. काकूंचं सगळं भरून झालं, फक्त ओटीपी राहिला. मी फोन लावला.

‘काकू, आला का?’

‘आलाय.’

‘सांगा.’

पलीकडं नुसता कढईचा आवाज. दूध कढईला धरायला आलं असावं. मी म्हटलं, काकू, सांगा की, त्याची वेळ संपते.

‘न्हाय सांगनार.’

‘अहो, मी बोलतेय! मी!’

‘व्हय, वळखला आवाज. पर तुमीच म्हनला, आपलं मानूस असलं तरी न्हाय.’

‘काकू, ते चोरांसाठी हो! मी तुमचं रिटर्न भरतेय!’

‘राग नगा मानू. म्या येते तिकडं.’ आणि फोन ठेवला. बघा म्हणजे झालं! अख्ख्या गल्लीत एका माणसाला माझं म्हणणं कळलं, आणि ते कुणावर चालवलं, तर माझ्यावर. मी टेबलावरच्या पिशव्या इकडच्या तिकडं केल्या, पंखा वाढवला, घड्याळाकडं बघून दात खाल्ले.

काकांच्या मागं स्कूटरवर बसून त्या आल्या. कढई अण्णांच्या सुनेवर सोपवून. पदराला धुराचा वास, मनगटावर खव्याचा पांढरा वाळलेला पट्टा. माझ्या खुर्चीत बसल्या. मी उभी. मी नवा ओटीपी मागवला, त्यांचा फोन वाजला, त्यांनी तो पदराखाली घेतला आणि माझ्याकडं बघितलं.

‘तिकडं बघा.’

गावातल्या निम्म्या दुकानांचे पासवर्ड ज्या बाईला तोंडपाठ आहेत, ती मी, निमूटपणे भिंतीकडं तोंड करून उभी राहिले. मागून एकेक बटण दाबल्याचा आवाज येत होता. मधे थांबायच्या, फोन बघायच्या, पुन्हा दाबायच्या. फार वेळ लागला.

‘झालं. आता वळा.’

पडद्यावर हिरवी पट्टी आली होती, रिटर्न भरलं गेलं म्हणून. सगळं इंग्रजीत. काकूंनी विचारलं, ‘ह्यात माझं नाव कुठंय?’ मी बोट ठेवून दाखवलं. त्यांनी त्या अक्षरांवर आपलं बोट ठेवलं आणि स्वतःचं नाव, वडिलांनी ठेवलेल्या नावापासून सासरच्या आडनावापर्यंत, सगळं मोठ्यानं म्हटलं. बाहेर स्कूटरपाशी उभ्या काकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.